चाटायचा पाटा

कुत्र्याला चाटण्यासाठी वेगळी पाटी मिळते, ही गोष्ट मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळली. त्याआधीची त्र्याहत्तर वर्षं माझी बरी गेली.

मी चौथीपर्यंत शिकलो. (चौथीत होतो, असं म्हणणं जास्त खरं. पास झालो असं कुणी म्हणत न्हाई.) पण दगड मला वाचता येतो. पन्नास वर्षं लातुरात गल्लोगल्ली फिरून पाट्याला, जात्याला टाकी लावली. टाकी लावणं म्हणजे झिजून गुळगुळीत झालेल्या दगडावर छन्नीनं पुन्हा बारीक खाचा पाडणं, म्हणजे वाटण सरकत न्हाई. मिक्सर आले आणि धंदा बसला. हात बसला न्हाई. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते अडाणीपणानं झालं असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. ते जास्त माहिती असल्यामुळं झालं.

आमची नात मुक्ता, म्हणजे भोकरला दिलेल्या आमच्या शोभाची लेक. डाक्टरकीच्या परीक्षेसाठी तिला लातूरला क्लास लावलाय. गेल्या वर्षी ती होस्टेलात राहिली आणि हळूहळू जेवायचीच बंद झाली. दिवाळीला घरी गेली तेव्हा तिच्या बापानं दार उघडलं आणि ओळखायला क्षणभर उशीर लावला. मार्कही तसेच पडले, वाळलेले. म्हणून यंदा ती आमच्याकडं राहायला आली. अट एकच, सोबत कोको राहील.

कोको म्हणजे पांढरं, केसाळ, गुळाच्या लहान ढेपेएवढं कुत्रं. ओलं केलं तर त्याच्याही निम्मं. मी पहिल्याच दिवशी बजावलं, "या घरात कुत्रं चालायचं न्हाई." ते त्याच संध्याकाळी माझ्या उशीवर झोपलं. मी उठवलं न्हाई. झोपलेल्या जनावराला उठवू नये असं आमचे वडील सांगायचे. (वडलांचं मी तेवढंच ऐकलं.)

पण एक मान्य केलं पाहिजे. मुक्ता जेवायला बसली की ते समोर बसायचं. ती एक घास त्याला दाखवायची आणि एक स्वतः खायची. असं करत करत लेकराच्या पोटात दोन भाकरी जायच्या. आमची मंडळी, गयाबाई, चुलीकडं तोंड करून डोळे पुसायची आणि म्हणायची, "धूर लई झालाय." आमच्याकडं गॅस आहे.

अडचण फक्त भुंकण्याची. सकाळी मुक्ता क्लासला गेली की कोको सुरू व्हायचा तो ती येईपर्यंत. भिंतीपलीकडं जोशीबाई राहतात. शाळेत होत्या, आता घरी शिकवण्या घेतात. त्यांनी दोनदा मला सांगितलं. मी म्हणालो, "बाई, मुकं जनावर हाय." त्या म्हणाल्या, "तेच तर ते नाहीये हो!" आणि तिसऱ्या वेळी मला न सांगता त्यांनी थेट भोकरला जावयाला फोन लावला.

आमचे जावई दिगंबरराव शाळेत गुरुजी आहेत. शांत माणूस. त्यांचा बुधवारी फोन आला. "मुक्ता, रविवारी येतो. कोकोला भोकरला घेऊन जातो. लोकांना त्रास नको."

मुक्तानं हो म्हटलं. फोन ठेवला. ताट पुढं सरकवलं. त्या रात्री तिनं अर्धी भाकरी खाल्ली आणि गयाबाईला धुराचं कारणसुद्धा सुचलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी मुक्तानं मला मोबाइलवर एक चित्र दाखवलं.

"आबा, हे बघा. ह्याला लिक मॅट म्हणतात. रबराची पाटी असते, वर खाचा असतात. त्यात दही फासायचं. कोको पंधरा-वीस मिनिटं चाटत बसंल. चाटलं की कुत्र्याचं डोकं शांत होतं म्हणे. मला क्लास हाय, तुम्ही आणता का? दुकानात विचारा, लहान कुत्र्यासाठी कोणती चांगली ते."

"विचारा?" मी म्हणालो. "खाचांचं मी दुसऱ्याला विचारू?"

"आबा, विचारा फक्त," मुक्ता म्हणाली.

"रबराची आणा," आतून गयाबाई म्हणाली. तिला मी कळतो.

कुत्र्या-मांजराच्या वस्तूंचं दुकान मी पहिल्यांदाच पाहिलं. एवढ्या गाद्या, एवढ्या उशा! आमच्या लग्नात आम्हाला एक सतरंजी मिळाली होती. गल्ल्यावर एक बाई होत्या, चष्मा लावलेल्या, बोलायला गोड.

"काय हवंय काका?"

"चाटायची पाटी."

"कुत्रा किती मोठा आहे?"

मी दोन्ही हातांनी दाखवला. बाईंनी तीन पाट्या समोर मांडल्या. एकीवर बारके काटे, एकीवर खोल चौकोन, एकीवर गोल गोल वळ्या.

"लहान कुत्र्याला ही वळ्यांची घ्या काका. उथळ आहे आणि मऊ आहे. खोल घेतली तर त्याची जीभ तळाला पोचत नाही, मग चिडतं ते. आणि ही मागून फरशीला चिकटते, सरकत नाही."

बाई सगळं खरं सांगत होत्या, हे मी आज लिहून देतो. त्या दिवशी मात्र मी पाटी हातात घेतली, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. आमच्यात टाकी डोळ्यानं बघत न्हाईत, अंगठ्यानं बघतात.

"कुणाच्या हातची टाकी हाय ही?"

"अं? मशीनवर होतं ते काका."

"तरीच. सगळ्या खाचा एकसारख्या. खाच एकसारखी असली की वाटण एका बाजूला जातं. तुमचा अंगठा द्या."

"माझा?"

"फिरवून बघा. काही लागतंय का हाताला?"

बाईंनी बिचाऱ्यांनी अंगठा फिरवला. "मऊ लागतंय."

"झालं! पाटा मऊ लागला की तो मेला."

एवढ्यावर मी निघालो असतो तर शोभलं असतं. पण माझ्या खिशात कायम चार दाणे ज्वारी असते. पाटा तपासायची आमची जुनी रीत आहे : पाटा तिरपा धरायचा, वरून ज्वारीचा दाणा सोडायचा. दाणा खाचेत अडखळत आला तर टाकी जिवंत, सुळकन आला तर मेलेली. मी पाटी तिरपी धरली, दाणा सोडला. तो वळीवर आपटला, टुणकन उडाला आणि गल्ल्याशेजारच्या काचेच्या टाकीत पडला. एक तांबडा मासा आला आणि त्यानं तो गिळला.

बाई माशाकडं बघत होत्या. मी पाटीकडं बघत होतो.

"नापास," मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

घरी आलो. गयाबाई दारातच होती.

"आणली?"

"आणण्याजोगी नव्हती."

"म्हंजे?"

"मी करतो."

ती मटकन उंबऱ्यावर बसली. "अवो, लेकरानं रबर सांगितलं. कुत्र्याची जीभ हाय ती, लोखंडाचा झारा न्हाई!"

"पन्नास वर्षं लातूरनं माझ्या टाकीवर चटणी खाल्ली. त्या कुत्र्याला काय सोनं लागलंय?"

न्हाणीपाशी एक जुना पाटा पडून होता, मधून तडकलेला. त्यातला निम्मा तुकडा मी काढला. काळा दगड, घट्ट, आवाज बघा तर घंटेसारखा! शुक्रवारी सकाळी मागच्या अंगणात पोतं अंथरलं, छन्नी-हातोडी काढली आणि बसलो. सहा वर्षांनी हातात हातोडी आली होती. मला काय वाटलं ते मी लिहिणार न्हाई.

मी एक ठोका मारला. टक्.

कोको आतून पळत आला. भौ.

टक्. भौ. टक्-टक्. भौ-भौ. मी बारीक काम सुरू केलं, तसं तोही बारीक काम करू लागला. थोड्या वेळानं ताल असा जमला की कोण कुणाच्या मागं आहे तेच कळेना. मी थांबलो की तो थांबायचा आणि माझ्याकडं बघायचा, जसा मुकादम बघतो. मी म्हणायचो, "गप रे! तुझ्यासाठीच करायलोय." हे मी जरा मोठ्यानं म्हणायचो. दगडाच्या धंद्यात आवाज मोठाच होतो माणसाचा. मग तो आणखी भुंकायचा.

भिंतीवरून जोशीबाईंचं डोकं वर आलं.

"आजोबा, हे काय चाललंय?"

"कुत्र्याला गप करायलोय."

"अहो, आधी नुसता कुत्रा होता!"

शनिवारी मुक्ताची घरीच मोबाइलवर सराव परीक्षा होती. तीन तास. तिनं कानात कापसाचे बोळे घातले, वर ओढणी गुंडाळली, आणि त्यावर गयाबाईची गोधडी घेतली. मधेच ती दारात आली. त्या गोधडीतून फक्त नाक दिसत होतं.

"आबा, अजून किती?"

"झालंच बाळा. माशाच्या काट्याची टाकी घालतोय. लातुरात आता कुणाला येत न्हाई."

ती आत गेली. नंतर कळलं की हृदयाच्या चित्रात तिनं रक्त उलट्या बाजूनं वाहवलं.

पण पाटा मात्र झाला! हातभर लांब, वीतभर रुंद, मधून कणा आणि दोन्ही बाजूंना तिरप्या खाचा, जसा मासा ताटात ठेवावा. कडेला मी चार पाकळ्यांचं फूल काढलं. कुत्र्याला फूल कळत न्हाई, हे मला माहीत आहे. फूल जावयासाठी होतं.

रविवारी सकाळी दहाच्या गाडीनं दिगंबरराव यायचे होते. साडेनऊला मी पाटा पाण्यानं धुतला, ओसरीवर मांडला, घट्ट कवडीचं दही आणून खाचाखाचांत भरलं. मुक्ता उभी, गयाबाई उभी. मुक्ताचा हात तिच्या ओढणीच्या टोकाशी चालला होता. तिनं सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.

"ये कोको," ती हळूच म्हणाली.

कोको आला. वास घेतला. एकदा, अगदी टोकानं, जीभ लावली. मागं सरकला. बसला. आणि माझ्याकडं असा बघू लागला, जसं एखादं गिऱ्हाईक म्हणतं, "बघतो, फिरून येतो."

"त्याला नको वाटतंय आबा," मुक्ता म्हणाली.

"नको कसं? त्याला कळंना झालंय. जनावराला दाखवावं लागतं. वासराला शिकवत न्हाईत का चारा खायला?"

"कोण दाखवणार?" गयाबाईनं विचारलं.

याला उत्तर म्हणून मी धोतर सावरलं, गुडघे टेकले, तळहात टेकले आणि पाट्यावर वाकलो.

मला थांबता आलं असतं. पण कोको तोंड वळवून बसला होता आणि माझ्या टाकीचा एवढा अपमान आजवर कुणी केला नव्हता. मी जीभ बाहेर काढली आणि पाटा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाटला. जोरात. मग उलटा. मग कण्यावरून सरळ. कोकोनं तोंड वळवलं. कान टवकारले. बघू लागला.

"बघ! बघतंय!" मी म्हणालो, निदान तसं म्हणायचा विचार केला. पण जीभ आत येईना. आली तेव्हा तिच्यासोबत बारीक कच आली, आणि ती जीभ माझी आहे असं मला वाटेना.

तेव्हा गयाबाई अगदी सावकाश म्हणाली, "अवो, मीठ वाटून टाकलं का आधी?"

वाचकांनो, नव्या टाकीतून दगडाची कच निघते. म्हणून त्या पाट्यावर पहिल्यांदा जाडं मीठ वाटायचं आणि फेकून द्यायचं, दुसऱ्यांदा कोंडा वाटायचा आणि फेकून द्यायचा, मग चटणी. हे मी पन्नास वर्षं दारोदार सांगितलं. विसराळू बायांना मी दरडावून दोनदा म्हणायला लावलं आहे. आणि आज मी पहिलं वाटण स्वतःच्या जिभेनं काढलं होतं.

नेमकं त्याच वेळी फाटक वाजलं.

दिगंबरराव आले. हातात पिशवी, कोकोला न्यायची दोरी. त्यांना काय दिसलं ते मी त्यांच्या जागेवरून सांगतो. ओसरीवर सासरा चार पायांवर, नाकाला दही, जीभ बाहेर. समोर कुत्रं बसलेलं, शांत, मान तिरपी करून सासऱ्याकडं बघणारं. बाजूला सासूबाई कपाळाला हात लावून.

दुसरा कुणी असता तर परत गेला असता. पण दिगंबरराव संस्कारी माणूस. सासरवाडीला आले की पहिलं काम, मामांच्या पाया पडायचं. त्यांनी पिशवी ठेवली, वाकले आणि थांबले. माझे पाय त्या वेळी समोर नव्हते. ते मागं होते. दिगंबररावांनी एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं बघितलं, मग शांतपणे मला वळसा घालून मागं गेले आणि माझ्या तळव्यांना हात लावून नमस्कार केला.

जावयानं नमस्कार केला की आशीर्वाद दिला पाहिजे. मी एक हात वर उचलला. तीन पायांवर माणूस उभा राहत न्हाई, हे मला तेव्हा कळलं. मी तोंडावर पाट्यावर आलो. दही कानापर्यंत गेलं.

"मामा!" दिगंबरराव धावले.

"काई न्हाई," मला म्हणायचं होतं. तोंडातून काय निघालं ते कुणालाच समजलं न्हाई. मला उठवून भिंतीला टेकवलं. मुक्तानं पाणी आणलं, मी चूळ भरली तर तांब्यात वाळूसारखं वाजलं.

"काय झालं आई?" जावयानं विचारलं.

गयाबाईनं सगळं सांगितलं. कमी करून सांगितलं असतं तरी चाललं असतं.

इतक्यात भिंतीवरून जोशीबाई म्हणाल्या, "गुरुजी, आलात? पण आज कमाल आहे हां! कुत्रा अर्धा तास झाला भुंकलाच नाही. फाटक वाजलं तरी नाही!"

सगळ्यांनी कोकोकडं बघितलं. खरंच की! तो दिगंबररावांच्या पायाशी बसला होता, पण डोळे माझ्यावर. असा खेळ त्यानं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. भुंकायचं राहूनच गेलं होतं.

"बाबा," मुक्ता म्हणाली, "नेऊ नका ना त्याला. तो गेला तर मला... मला घास जात न्हाई बाबा."

तिनं हे आधी कधी बोलून दाखवलं नव्हतं. दिगंबररावांनी त्या दोरीकडं बघितलं. मग त्यांनी ती गुंडाळून पिशवीत ठेवली आणि अंगणात जाऊन शोभाला फोन लावला. हळू बोलत होते, पण माझी जीभ गेली होती, कान शाबूत होते.

"कुत्र्याचं काही न्हाई गं. एकदम गुणी हाय. राहू दे इथंच. मुक्ताला आधार हाय त्याचा. ...न्हाई, मामांचं जरा बघावं लागंल."

आता आमच्या घराण्याची रीत सांगतो. लेकीच्या घरी बापानं मुक्काम करायचा न्हाई. पाणी प्यायचं तर उभ्यानं, आणि संध्याकाळच्या आत निघायचं. शोभाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, मी भोकरला एकही रात्र काढली न्हाई. लोक त्याला हट्ट म्हणतात, मी त्याला मान म्हणतो.

दिगंबरराव परत आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. "मामा, आठ दिवस तुम्हाला पातळ खावं लागंल. इथं आईंना मुक्ताच्या परीक्षेचं बघू द्या. तुम्ही चला माझ्यासोबत. हवापालट होईल."

नको म्हणायला जीभ लागते. ती माझ्याजवळ होती, पण कामावर नव्हती. मी मान हलवली. गयाबाई म्हणाली, "हाव म्हणतायत." मी आणखी जोरात हलवली. "लई खूश झालेत," ती म्हणाली आणि माझे दोन सदरे पिशवीत भरले. मुक्तानं छन्नी-हातोडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

निघण्याआधी सगळे जेवायला बसले. मी ताक पिऊन राहिलो. मुक्ता एक घास कोकोला दाखवत होती आणि एक खात होती. अडीच भाकरी. दिगंबरराव आपलं जेवण सोडून लेकीकडं बघत होते, आणि त्यांनाही बहुतेक धूर लागत होता. मग त्यांनी माझी पिशवी उचलली. कुत्रं न्यायला आलेला माणूस सासरा घेऊन निघाला.

आज भोकरला माझा नववा दिवस. शोभा पेज करून घालते, नातेवाईक बघायला येतात, मी जीभ दाखवतो. आता बोलता येतं. काल पहिल्यांदा मुक्ताशी फोनवर बोललो.

"कोको कसा हाय?"

"मस्त हाय आबा! तुम्ही गेल्यापासून एकदाही भुंकला न्हाई."

"म्हंजे तू ती रबराची पाटी आणलीस तर."

"आणली, वळ्यांचीच. पण पुडकं अजून फोडलंच न्हाई." ती जरा थांबली. "आबा, वाईट वाटून घेऊ नका. आजी म्हणते, तो तुमच्या आवाजालाच भुंकत होता."

मी फोन शोभाकडं दिला. आता मला परत कधी न्यायचं, ते जोशीबाईंना विचारून ठरवणार आहेत.